तीन कांड्यांचा अँटेना

"आवाज कुठनं येतोय ते बघू नका. कुठं मरतोय ते बघा."

हे वाक्य मी दिवसातून निदान दहा वेळा ऐकत होतो. म्हणताना तात्या डोळे मिटायचे आणि डावा हात वर करायचे. हात वर गेला की बाकीच्यांनी श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. मग उजव्या हातात अँटेना धरून ते जागच्या जागी हळूहळू फिरायला लागायचे, जात्याचा वरचा दगड फिरतो तसे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याच्या अंगात येतंय.

तुम्ही बारामतीहून इंदापूरला गेला असाल तर एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला उघडा माळ पाहिला असेल. त्या माळावर लांडगे राहतात. मेंढपाळ सोडले तर हे फार कुणाला ठाऊक नसतं. शहाण्णवच्या आसपास पुण्याच्या एक मॅडम त्या लांडग्यांचा अभ्यास करत होत्या. एका लांडगिणीच्या गळ्यात त्यांनी पट्टा घातला होता आणि पट्ट्यात होतं काडेपेटीएवढं एक यंत्र. ते सेकंदाला एकदा 'टिक' करायचं. आपल्याला नुसत्या कानानं नाही ऐकू येत ते. अँटेना धरायचा, त्याची तार पेटीसारख्या सेटला जोडायची, कानाला हेडफोन लावायचा आणि टिक डावी-उजवीकडं कुठं मरते ते बघून मधली दिशा होकायंत्रावर वाचून वहीत लिहायची.

मी त्या कामावरचा जीप ड्रायव्हर. गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठाला. शाळा सहावीत सुटली. बायको आणि दोन मुली गावाकडं ठेवून इतक्या लांब आलो होतो, आणि कधी कुणाला माझी चूक दिसेल आणि परतीच्या गाडीत बसवून देतील, ही भीती सकाळी उठल्यापासून पोटात असायची. जीपचं चाक पंक्चर झालं तरी मला वाटायचं, माझ्यामुळंच झालं.

तात्यांची आणि आमची गाठ पडली ती अँटेना मोडल्यामुळं. परदेशातून आणलेला अँटेना, पाच आडव्या नळ्यांचा, दोन हात रुंद. वेड्या बाभळीत शिरला आणि दोन नळ्या गेल्या. भिगवणला स्टेशनच्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. आत एक साठीचा माणूस भिंगाचा चष्मा लावून बसलेला, मागं बुद्धाची तसबीर, समोर उघडी पडलेली दहाबारा ट्रान्झिस्टरांची पोटं. त्यांनी अँटेना हातात घेऊन उलटासुलटा केला आणि मॅडमना म्हणाले,

"बाई, एवढा मोठा पिंजरा घिऊन रानात कशाला हिंडताय? लांडगा धरायचाय का ऐकायचाय?"

मॅडम हसल्या. मॅडम फारशा हसत नसत. मी मनात म्हटलं, हा माणूस आपल्यात येणार.

आणि आलेच. दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि आमच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायला लागले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, रागावल्या, म्हणाल्या, "म्हातारपनी लांडग्याच्या मागं लागलाय, लोक काय म्हनतील?" तात्या म्हणाले, "लोकांच्या मागं लागन्यापरीस बरं." असे होते ते. जीप आली की उंबऱ्यावर चपला घालून तयार असायचे. चाळीस वर्षं लोकांच्या बातम्या आणि गाणी दुरुस्त केली, आता पहिल्यांदा रेडिओनं आपल्याला काहीतरी सांगितलं, असं एकदा म्हणाले होते.

छोटा अँटेना करायचं त्यांनीच डोक्यात घेतलं. आधी दोन कांड्यांचा केला, म्हणजे दोन आडव्या नळ्या वितीच्या अंतरावर. तो काखेत मारून कुठंही जाता यायचं. पण त्याला पुढचं आणि मागचं सारखंच ऐकू यायचं. एके दिवशी आम्ही अंथुर्ण्याहून बरोबर उलट्या दिशेला निघालो आणि दुपारी सांगवीजवळ एका शेतकऱ्याच्या पडवीत ताक पीत बसलो. लांडगीण सकाळपासून जिथून निघालो त्याच टेकाडामागं झोपलेली होती. शेतकरी म्हणाला, "कशासाठी आलता?" तात्या म्हणाले, "तुमचं ताक चांगलं हाय असं ऐकलं."

मग तिसरी कांडी आली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते मला सांगितल्याशिवाय राहायचे नाहीत. "ड्रायव्हरसायब, असं बघा. कांड्या जवळजवळ हायीत, म्हंजी सगळ्या जवळजवळ एकच ऐकत्यात. मग एकीला म्हनायचं, तू उलटं बोल. जे दोघींनी सारखं ऐकलं ते एकमेकीला खाऊन टाकतंय. उरतो फरक. फरक एवढुसाच असतोय, पर तो एकाच बाजूचा असतोय."

"एवढुसा आवाज ऐकू येईल का जी?"

"आता तुमी मुद्द्याला हात घातला. दिशा पक्की पायजे असंल तर आवाज सोडावा लागतोय. आवाज पायजे असंल तर पिंजरा घिऊन हिंडा. दोन्ही कुनी दिलं न्हाय."

तारेचा तुकडा नखाएवढा जास्त लांब झाला तरी सगळं बिघडायचं. अँटेना सकाळी दवात एक दिशा दाखवायचा, दुपारी उन्हात दुसरीच. त्यांनी अशा किती तारा कापल्या असतील कोण जाणे. मॅडमकडं एक जादा पट्टा होता, तो त्यांनी चाचणीसाठी मागून घेतला आणि काकूंच्या शेळीच्या गळ्यात बांधला. शेळी सोडायची आणि आपण दुकानाच्या गच्चीवरून ती कुठं आहे ते सांगायचं. पाचव्या दिवशी शेळी गेली ती आलीच नाही. तात्यांनी अँटेना फिरवला आणि आम्ही वासावर चालल्यासारखे निघालो, तर हायवेवरच्या एका मच्छीच्या हॉटेलात, मागच्या पडवीत शेळी बांधलेली! हॉटेलवाला शपथा खायला लागला, मी कालच भिगवणच्या बाजारात घेतली. तात्या शांतपणे म्हणाले, "मग तिच्या गळ्यात रेडिओ कशाला घातला? मेल्यावर बातम्या ऐकनार हाय व्हय ती?" शेळी घरी आणली तर काकू म्हणाल्या, "शेळीला हुडकून आनलंत. मी हरवले तर?" तात्या नुसते हसले. काकूंनी तेच पुन्हा मोठ्यानं विचारलं. त्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात असं मला वाटायचं. भंडाऱ्याकडं आम्ही हळू बोलतो, तर इकडची रीत असेल म्हणून मी सोडून दिलं.

मला होकायंत्र वाचायला त्यांनीच शिकवलं. वहीत लिहायला मी घाबरायचो. अक्षर वेडंवाकडं, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, आणि ती वही पुण्याला मोठमोठी माणसं बघणार. तात्या म्हणाले, "शाळा सुटली म्हनून काय कान सुटलं का तुमचं? लिवा." त्यांनी एका सेटवरून दोन हेडफोन चालतील अशी जोडणी केली. एक त्यांच्या कानाला, एक माझ्या. "दोघांनी ऐकलं की खोटं चालत न्हाय," म्हणाले. मी ऐकायला लागलो. पहिल्यांदा टिक ऐकली त्या दिवशी मी बायकोला पत्र लिहिलं, की मी आता नुसता गाडी चालवत नाही.

ऐकताना मला एक सवय लागली. टिक झाली की माझं बोट मांडीवर आपोआप आपटायचं. टिक जोरात तर बोट जोरात.

काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की तात्या आता डोळे मिटत नाहीत.

हात वर करायचे, फिरायचे, सगळं तसंच. पण डोळे उघडे, आणि नजर माझ्या मांडीवर. मी एकदा मुद्दाम बोट थांबवलं. टिक चालू होती, चांगली खणखणीत. तात्या थांबले आणि म्हणाले, "हितं मेला." मी घाईनं बोट पुन्हा हलवलं. ते तसेच पुढं फिरले. त्या दिवशी मला काकूंचा मोठा आवाज आठवला, एकदा मागून आलेल्या एस.टी.च्या हॉर्नला तात्या रस्त्यातून बाजूला झाले नव्हते ते आठवलं.

बघा, काय झालं होतं ते. कांड्या जितक्या जवळ, दिशा तितकी बारीक आणि आवाज तितका क्षीण. तात्यांचा अँटेना महिन्यामहिन्याला चांगला होत चालला होता, आणि त्याच वेळी त्यांचे कान जात चालले होते. त्यांनी जे बनवलं ते जगात फक्त त्यांनाच ऐकू येत नव्हतं.

मी ठरवलं, हे कुणाला कळू द्यायचं नाही. मॅडमना कळलं तर तात्या उद्यापासून दुकानात. दुकान म्हणजे पुतण्याच्या शेजारी स्टुलावर बसून रस्ता बघणं. मी बोट आपटत राहिलो. जरा जास्तच स्पष्ट आपटायला लागलो. तात्यांना कळलं होतं की मला कळलंय. जेवताना ते स्वतःच्या डब्यातली सुकी मासळी माझ्या भाकरीवर काढून ठेवायला लागले.

जानेवारीचा महिना होता. लांडगिणीला चार पिल्लं झाली होती, अंथुर्ण्याच्या वरच्या ओढ्यात, दरडीतल्या एका बिळात. अजून ती आईच्या जिवावर होती. एके सकाळी एक मेंढपाळ जीपपाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, पिल्ली कालपासनं केकाटत्यात. आई आलीच न्हाय." त्या दिवशी मॅडम स्वतः बरोबर होत्या. नऊ वाजता आम्ही टेकाडावर चढलो. वारा असा की कानाच्या पाळ्या दुखाव्यात.

जीप उतारावर उभी होती. हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून मी ब्रेकवर पाय देऊन आत बसून राहिलो. दुसरा हेडफोन तसाच सीटवर पडून होता. मॅडम बॉनेटवर नकाशा दाबून धरत होत्या. तात्या एकटे उभे राहिले, हात वर केला आणि फिरायला लागले. एकदा फिरले. पुन्हा फिरले. माझ्याकडं बघितलं. माझ्या कानाला काही नव्हतं, मी काय दाखवणार?

"तात्या, काही लागतंय?" मॅडमनी विचारलं. त्यांना दोनदा विचारावं लागलं.

तात्यांनी अँटेना खाली घेतला. मग म्हणाले, "उत्तर. भिगवनकडच्या माळाला."

लांडगीण सकाळची बहुतेक तिकडंच असायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मॅडम नकाशाची घडी घालत मागच्या सीटवर बसल्या. तात्यांनी सेट, हेडफोन आणि अँटेना माझ्या हातात दिला, आत ठेवायला. सेट चालूच होता. मी सवयीनं हेडफोनची एक वाटी कानाला लावली आणि अँटेना ठेवता ठेवता तो दक्षिणेकडून गेला.

टिक.

फार बारीक, मातीखालून आल्यासारखी. मी अँटेना उत्तरेला केला, काही नाही. पुन्हा दक्षिणेला. टिक. टिक. नीरेच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात.

तात्या माझ्याकडं बघत होते. "चला, चला," मागून मॅडम म्हणाल्या.

मी बोललो असतो तर मॅडमनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला असता. मग विचारलं असतं, तात्या, तुम्हाला हे ऐकू आलं नाही? एवढंच मला दिसत होतं. तात्यांचा चेहरा आणि तो प्रश्न. शिवाय मी कोण? सहावी सुटलेला ड्रायव्हर, माझी चूकही असेल. मी सेट बंद केला, गिअर टाकला आणि जीप उत्तरेला घेतली.

तीन तास आम्ही तो माळ विंचरला.

परत येताना अंथुर्ण्याला चहाला थांबलो, तेव्हा एक जण सायकल आडवी टाकून जीपकडं आला. "पट्टेवाला लांडगा तुमचाच ना? आमच्या हिरीत पडलाय. मानसं किती हुडकली तुमची!"

विहीर उसाच्या कडेला होती, कठडा नसलेली. टेकाडापासून चार किलोमीटर, दक्षिणेला. काठावर दोराला बांधलेली एक बाज पडली होती, ओली. तिथला म्हातारा सांगत होता, "सकाळपासनं कपारीला पंजं लावून व्हती वो. आमी बाज सोडली खाली, जनावरं तशीच काढतोय आमी. पर ती मानसाच्या वासाला भेली, बाजंवर येईना. तुमी असता तर जाळी असती तुमच्याकडं. बाराच्या पुढं दमली आन गेली."

जाळी जीपमध्येच होती.

मॅडम काठावर खाली बसल्या. तात्यांनी आत वाकून बघितलं, बराच वेळ. तिच्या पट्ट्यातून बाहेर आलेली बारीक तार पाण्यावर दिसत होती.

भिगवणला तात्यांना सोडायला मी एकटाच गेलो. दुकानापाशी जीप थांबली तरी ते उतरेनात. समोरच्या काचेकडं बघत म्हणाले,

"तुमाला ऐकू आलं व्हतं."

"हो जी."

त्यांना ते ऐकू आलं नसावं, पण वळून माझे ओठ त्यांनी बघितले. "दक्षिनेला?"

मी मान हलवली.

"मग बोलला न्हाय." त्यांनी दाराच्या कडीला हात घातला. "माजी लाज राखलीत व्हय." हे म्हणताना त्यांचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. दार उघडून ते उतरले. चप्पल पायात नीट बसत नव्हती, ती दोनदा सावरली, आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एस.टी.नं मॅडमच्या खोलीवर आले. मी बाहेर जीप धूत होतो. सगळं ऐकू येत होतं, कारण ते मोठ्यानं बोलत होते. वर्षभरापासून मला ऐकू येत नाही, मी लपवलं, कालची दिशा मी अंदाजानं सांगितली, बाई, जीव गेला तो माझ्यापायी. माझं नाव त्यांनी काढलं नाही. मॅडमनी विचारलंसुद्धा, "ड्रायव्हरना काही आलं होतं का लक्षात?" तात्या म्हणाले, "त्यांच्या कानाला काय व्हतं? ते ब्रेकवर पाय दिऊन बसल्यालं."

बादली माझ्या हातातून सुटली. मी आत गेलो नाही.

चारातली दोन पिल्लं जगली. नरानं आणि कळपातल्या दुसऱ्या मादीनं त्यांना वाढवलं. पुढच्या हंगामात नव्या लांडग्याला पट्टा घातला तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, "आता ऐकायचं काम तुम्ही करा. तात्या म्हणत होते, तुमच्याइतका कान इकडं कुणाला नाही." जीपवर दुसरा ड्रायव्हर आला. त्यानंतर मी कुठं कुठं गेलो. मेळघाट, ताडोबा, थेट राजस्थानपर्यंत. माझ्या दोन्ही मुली शिकल्या त्या या कामावर. ज्या जागेवर मी उभा आहे ती तात्यांची जागा होती, आणि ती मला त्यांनीच दिली. हे उपकार मी कुणाला सांगू शकलेलो नाही, कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं.

तात्या पुढं दुकानातच असायचे. रेडिओ त्यांनी सोडले, वाजतोय की नाही हे दुसऱ्याला विचारून दुरुस्ती करणं त्यांना पटेना. इस्त्री, टॉर्च, मिक्सर असलं काहीतरी करत. शेवटी तेही सुटलं. ते गेले ते मला महिनाभरानं कळलं, मेळघाटात, पुतण्याच्या पोस्टकार्डानं.

पण त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटलो होतो. गावाकडं जाता जाता मुद्दाम भिगवणला उतरलो. ते घरासमोर लिंबाखाली बाजेवर बसले होते. ऐकू काहीच येत नव्हतं. काकूंनी पाटी आणि पेन्सिल माझ्या हातात दिली, म्हणाल्या, "ह्याच्यावर लिवा, वाचत्यात." मी बसलो. मुलींचं लिहिलं, कामाचं लिहिलं. ते वाचायचे, मान हलवायचे, पदरानं पुसायला पाटी काकूंकडं द्यायचे. मग काकू चहा ठेवायला आत गेल्या, आणि मी जे लिहायला आलो होतो ते लिहिलं. अक्षर सहावीतल्यापेक्षाही वाईट आलं.

मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं.

तात्यांनी पाटी डोळ्यांजवळ धरून ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग बहिरी माणसं बोलतात तसे, पूर्ण गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"व्हय. बोलायला पायजे व्हतं."

समोरच्या ओट्यावरच्या बाया वळून बघायला लागल्या. आतून काकू दारात आल्या. मी मान खाली घातली. तात्यांनी स्वतःच्या हातानं पाटी पुसली, बाजेखाली ठेवली, आणि सरकून माझ्यासाठी जास्त जागा केली. चहा आला. तो आम्ही काही न लिहिता प्यालो. ऊन लिंबातून खाली येत होतं.

नंतर त्यांनी तळहात बाजेच्या लाकडावर टेकवला आणि तसाच ठेवला. मला काही कळेना. मग मलाही ऐकू आली, लांबून, स्टेशनाच्या बाजूला, रुळांची धडधड.

"गाडी आली," ते म्हणाले. "पळा."